शिबिर संपलं, ओढा कोरडाच: कॉलेजनं दत्तक गावासाठी नेमकं काय करावं?

खडू_फळा | १२ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे नुसता वाचनमात्र असतो, पण परवापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून धागा काढतोय.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे जिथे ढग येतात पण थांबत नाहीत अशा पट्ट्यात, एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो. सहा वर्षं एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी आहे. नुकतंच सात दिवसांचं विशेष शिबिर उरकून आलो. गाव तेच, दत्तक घेतलेलं. ग्रामस्वच्छता, प्रबोधनपर व्याख्यानं, रक्तगट तपासणी आणि मुख्य आकर्षण वनराई बंधारा. पन्नास पोरापोरींनी दोन दिवस सिमेंटची रिकामी पोती मातीनं भरून ओढ्यात रचली. फोटो झकास आले.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा काठी टेकत आले, बंधाऱ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, भिंत चांगली झालीय. पण ह्यात पाणी कुठनं येणार? वडा तर दिवाळीलाच आटला."

मी हसून वेळ मारून नेली. रात्री शाळेच्या खोलीत झोप लागेना. मागचे अहवाल डोळ्यांसमोर आले. सहा शिबिरं, सहा बंधारे, सगळे डिसेंबर-जानेवारीत, सगळे कोरड्या ओढ्यात. आधीच्या वर्षीची फाटकी पोती बाजूला सारून आम्ही पुढच्या वर्षीची रचत होतो. आणि मी भूगोलाचा माणूस!

एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत मिळून ४० हजार विद्यार्थ्यांनिशी. शिकणाऱ्या पोरांनी समाजाचं देणं लागतं हे विसरू नये, ही त्यामागची भावना मला आजही खरी वाटते. पण दोन वर्षांत २४० तास भरताना गावाच्या हाती काय पडतं? शाश्वत विकास हा शब्द बॅनरवर दरवर्षी असतो. बॅनर मात्र दरवर्षी नवा छापावा लागतो.

अनुभव सांगा. टोमणे चालतील, मी सरावलेलो आहे.

---

रिकामटेकडा | १२ जानेवारी, रात्री १०.५२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

(बॅनरचा उपयोग होतो हो. आमच्या गावात शिबिराचं फ्लेक्स गोठ्यावर टाकलंय, चार पावसाळे झाले, थेंब गळत नाही. शाश्वत ते हेच.)

---

निंबोळी | १२ जानेवारी, रात्री ११.३०

सर, थोडी उलटी बाजू मांडते. मी पुण्यात वाढलेली, शिबिराला गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहाटे पाचला हापशावर नंबर लावून पाणी आणणं म्हणजे काय, हे त्या सात दिवसांत कळलं. ज्या काकूंकडे आम्ही भाकरी थापायला शिकलो त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती आणि कडेवर मूल. त्या बंधाऱ्याचं काय झालं मला ठाऊक नाही, पण माझं काहीतरी झालं एवढं नक्की. आज नळ सोडून दात घासणारं कुणी दिसलं की माझ्या तोंडून आपसूक शब्द निघतो.

तेव्हा शिबिर मुलांसाठी असतं असं सरळ मान्य केलं तर काय बिघडलं?

---

खडू_फळा | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

@निंबोळी, बिघडलं काहीच नाही. पण मग गावाला तसं सांगायला हवं ना. "आम्ही तुमच्याकडे शिकायला आलोय, चार दिवस सांभाळून घ्या." आम्ही मात्र उद्घाटनाच्या भाषणात गावाचा कायापालट करायला निघालेलो असतो.

---

द्राक्षबाग | १३ जानेवारी, दुपारी १.०५

आमच्याकडं एनएसएस न्हाई, पण कृषी कॉलेजची रावेची पोरं येत्यात. म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. पेपरात फोटो बघितला असंल तुम्ही, "कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे धडे". त्या फोटोतला मान खाली घालून बसलेला शेतकरी म्हणजे मी!

तीस वर्षं बाग हाय माझी. एक टक्क्याचं बोर्डो म्हंजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे मी झोपंत सांगतो. दरसाल नव्या पोरी येऊन मला तेच शिकवत्यात आणि मी दरसाल शिकतो. टाळ्या बी वाजवतो. पोरी गुणी असत्यात, त्यांना मार्क पडायचं असत्यात.

पण एका साली एक पोरगी आली, तिनं शिकवलं न्हाई, इचारलं. गेल्या पाच वर्षांत औषधाला किती पैसं गेलं, कुठल्या तारखंला कुठली फवारणी, पाऊस कधी पडला. माझ्याकडं डायरी होती, पण कधी बेरीज केली नव्हती. तिनं दोन रात्री बसून केली. बघतोय तर फुलोऱ्याच्या टायमाला पाऊस न्हाई झाला तरी मी दोन फवारण्या सवयीनं जादा मारत होतो. त्या बेरजंनं माझं पैसं वाचलं. तिला मार्क किती पडलं देव जाणे.

सर, वड्याचं म्हणाल तर हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरल्याबिगर हात घालू नका आन् स्वाती संपल्यावर जाऊ नका. त्याच्या मधी जेवढं होईल तेवढंच.

---

पाणाड्या | १३ जानेवारी, रात्री ९.२०

(नावावर जाऊ नका. नारळ हातात घेऊन फिरत नाही, भूजलशास्त्र शिकलोय आणि तेच काम करतो.)

द्राक्षबाग यांनी एका ओळीत सांगितलं ते मी जरा आकड्यांत मांडतो. समजा ओढा सहा मीटर रुंद आहे, बंधारा एक मीटर उंच, पाणी मागे साठ मीटर तुंबलं. तळ चढता असल्यामुळे साठा साधारण निम्मा धरायचा: १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं. एक एकर कांद्याला दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं. म्हणजे तुमच्या पन्नास मुलांची दोन दिवसांची मेहनत म्हणजे एका एकराची एक पाळी, तीही पूर्ण नाही.

मग हा बंधारा करतात तरी कशाला? कारण तो एकदा भरत नाही. ओढा वाहता असताना घातला तर पाणी जिरत राहतं आणि मागून येणारं पुन्हा भरत राहतं. दीड-दोन महिने हे चक्र चाललं तर आजूबाजूच्या विहिरींना फरक पडतो. सगळी कमाई त्या वाहत्या दिवसांची आहे. डिसेंबरअखेर कोरड्या ओढ्यात घातलेला बंधारा म्हणजे लग्न लागून गेल्यावर घातलेला मांडव. पोतीही दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि त्यांच्या धाग्यांचा चुरा ओढ्यात राहतो, ते वेगळंच.

घोळ असा की विद्यापीठाचं वेळापत्रक परीक्षेवर चालतं आणि ओढ्याचं पावसावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढा तुम्हाला बोलावतो, तेव्हा तुमची मुलं सत्रपरीक्षेच्या तयारीत. सुटी लागेपर्यंत ओढा झोपलेला.

---

वेलदोडा | १३ जानेवारी, रात्री १०.०८

पाणाड्या, मांडवाची उपमा चोरतेय.

मी एका कॉलेजात नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या मूल्यांकनाचं, काम बघते, त्यामुळे नाव-गाव विचारू नका. नॅकचे सात निकष. तिसऱ्यात विस्तार कार्य, सातव्यात संस्थात्मक मूल्यं, त्यातच हरित परिसर, ऊर्जेचं ऑडिट, पर्यावरणाचं ऑडिट वगैरे. हेतू उत्तमच आहे. पण पुरावा म्हणून लागतो तो फोटो, हल्ली अक्षांश-रेखांशासकट. त्यामुळे काम असं निवडलं जातं की ज्याचा फोटो निघेल. झाड लावण्याचा फोटो निघतो. त्याच झाडाला एप्रिलमध्ये घागरभर पाणी घालणाऱ्या शिपाईमामांचा फोटो कुणी काढत नाही.

आमच्याकडे समिती यायच्या आदल्या दिवशी टेम्पो भरून कुंड्या आल्या, भाड्यानं. समिती गेल्यावर त्याच संध्याकाळी गेल्या. एक कुंडी चुकून स्टाफरूममध्ये राहिली, ती मात्र अजून तग धरून आहे. तिला मी पाणी घालते, थोडं अपराधी वाटतं म्हणून.

आणि पर्यावरण अभ्यासाचे प्रकल्प! सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सांगितलं की हा विषय सगळ्यांना शिकवा, पुढे यूजीसीनं पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात प्रत्यक्ष क्षेत्रभेट अपेक्षित आहे. आमच्या कपाटात "माझ्या परिसरातील नदीचे प्रदूषण" ह्या विषयावरचे गठ्ठे आहेत. गावं निरनिराळी, नदी एकच, हस्ताक्षरं फक्त बदलतात.

---

रिकामटेकडा | १३ जानेवारी, रात्री १०.१५

ती नदी आमच्याही कॉलेजातून वाहायची. उगम झेरॉक्सच्या दुकानात.

---

जुनी_वही | १४ जानेवारी, सकाळी ६.३०

तिळगूळ घ्या सर्वांनी.

मला "दत्तक गाव" ह्या शब्दाचंच नवल वाटतं. माझे वडील साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९१९ साली काले गावी संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं. सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला. हे चालायचं कशावर? मुष्टिफंडावर. गावोगावच्या बायका दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायच्या. पोरं कमवा आणि शिका म्हणून शेतात, बागेत राबायची. वडील सांगायचे की हाताला घट्टे पडले तरी कुणी त्याला श्रमदान म्हणायचं नाही, ते रोजचं काम होतं.

म्हणजे तेव्हा गावांनी शिक्षण दत्तक घेतलं होतं. मूठभर ज्वारीवर शिकून जी संस्था उभी राहिली तिच्या पुढच्या पिढ्यांनी गावात जाऊन "आम्ही तुम्हाला दत्तक घेतो" म्हणावं ह्यात कुठंतरी नातं उलटं झालंय. खडू_फळा, तुमच्या त्या आजोबांच्या घरातून कदाचित एखादी मूठ गेली असेल.

---

मक्याचं_रान | १४ जानेवारी, दुपारी ४.४५

इकडून आयोवातून लिहितेय, बाहेर बर्फ आहे.

वरची पोस्ट वाचून वाटलं, इथलंही थोडं सांगावं. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं इथल्या राज्यांना जमिनी मिळाल्या, त्या विकून शेतकी आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती. तो कायदा पहिल्यांदा स्वीकारणारं राज्य आयोवाच. पण मला खरी महत्त्वाची वाटते ती १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याची गोष्ट. त्यानं विद्यापीठाची विस्तार सेवा उभी केली, केंद्र, राज्य आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) ह्यांच्या पैशांतून. आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि विस्तार सेवा सगळीकडे पोहोचलेली आहे. तिथे बसणारा माणूस पगारी असतो. विद्यार्थी येतात-जातात, तो राहतो. माझ्या शेजारच्या आजोबांना मातीचा अहवाल कुणाकडे न्यायचा हे पाठ आहे.

आदर्श वगैरे मुळीच नाही. त्या विकलेल्या जमिनी मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेल्या होत्या, हे आता इथे उघड बोललं जातं. आणि इथल्या शेतातलं नत्र नद्यांत उतरतं तो प्रश्न अजून सुटलेला नाही. पण "राहणारा माणूस" ही कल्पना मात्र घेण्यासारखी आहे.

---

द्राक्षबाग | १४ जानेवारी, रात्री ८.१०

ताई, आपल्याकडं बी कृषी विज्ञान केंद्र हाय की. चांगलं केंद्र असलं की लई फायदा. पण कृषी सोडून बाकीच्या कॉलेजांना असं काय न्हाई. बीए, बीकॉमची पोरं गावातलीच असून गावासाठी परकी.

---

पाणाड्या | १५ जानेवारी, रात्री ९.५०

द्राक्षबाग यांचं शेवटचं वाक्य पकडतो. खडू_फळा, तुमच्या वर्गात त्या दत्तक गावची मुलं आहेत का? असतील तर काम निम्मं झालं.

माझा सल्ला: बंधारा बाजूला ठेवा, विहिरी मोजा. हे काम फार कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही आणि म्हणूनच कॉलेजनं करावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून राज्यभर निरीक्षण विहिरी मोजते, वर्षातून चार वेळा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. पण राज्याच्या मानानं त्या विहिरी विरळ, आणि आपल्याकडचा बेसाल्ट खडक असा लहरी की ह्या बांधाला पाणी आणि पलीकडच्या बांधाला खडखडाट. गावातल्या आठ-दहा विहिरी त्याच चार महिन्यांत तुम्ही मोजल्यात तर पाच वर्षांत गावाकडे असा दस्तऐवज येईल की जो सरकारकडेही नाही.

पद्धत सोपी. विहीर उघडी हवी, बोअर नको. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी मोजायचं, नाहीतर उपशानं खाली गेलेली पातळी मिळते. कठड्यावर ऑइलपेंटनं खूण करायची, दर वेळी तिथूनच टेप सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करायची. सोबत एक पर्जन्यमापक.

मग हिशोब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. हजार हेक्टरांच्या गावावर ४५० मिमी पडला तर ४५० कोटी लिटर. त्यातला बराचसा उडून जातो, काही वाहून जातो, काही मातीत राहतो. आपल्या खडकात खाली उतरतं ते दहा टक्क्यांच्या आगेमागे. तेवढ्यात पिण्याचं, जनावरांचं आणि रब्बीचं भागवायचं. हिवरे बाजार गावानं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं हेच केलं: पाऊस मोजायचा, ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. लोकांना तिथले चर आणि बंधारे दिसतात, खरी गंमत त्या ताळेबंदात आहे.

तुमची जानेवारीची नोंद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचा. मेची मात्र १ मेच्या सभेआधी, एप्रिलअखेर घ्या. ऑक्टोबरची २ ऑक्टोबरला. तारखा आयत्या जुळतात.

---

वेलदोडा | १५ जानेवारी, रात्री १०.३०

आणि हे कागदावर बसतंही! नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प आलेत, दोन-दोन क्रेडिटचे. दोन क्रेडिट म्हणजे साठ तास. "माझ्या परिसरातील नदी"ची पुढची आवृत्ती निघायच्या आत हे साठ तास विहिरींना द्या. फक्त दर वर्षी नवा विषय शोधू नका. मागच्या बॅचनं जिथं वही ठेवली तिथून पुढच्या बॅचनं उचलायची. हे आमच्या लोकांना पटवणं अवघड जातं, कारण प्रत्येकाला "नावीन्यपूर्ण उपक्रम" हवा असतो.

आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं सीटारा म्हणून केंद्र आहे, १९८५ पासूनचं. तिथली मुलं कर्जतसारख्या भागात जाऊन पाण्याच्या योजनांचा अभ्यास करत आली आहेत. ते आयआयटी आहे म्हणून थाटात होतं असं नाही. टेप आणि वही घेऊन कुणालाही असे प्रश्न विचारता येतात.

---

निंबोळी | १५ जानेवारी, रात्री ११.०२

मोजून पाणी वाढत नाही, असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून मीच म्हणून टाकते.

---

पाणाड्या | १५ जानेवारी, रात्री ११.२०

नाही वाढत. पण मार्चमध्येच कळलं की तळाला चार फूट उरलंय, तर उन्हाळी पीक घ्यायचं की नाही हे भांडण तरी आकडा समोर ठेवून होतं. एरवी ते मे महिन्यात टँकरच्या रांगेत होतं.

---

खडू_फळा | २० जानेवारी, सकाळी ८.००

सर्वांचे आभार. काल गावात जाऊन आलो, ह्या वेळी बॅनरशिवाय. दत्तक गावच्या अकरा मुली-मुलं आमच्या कॉलेजात आहेत, हे मला हजेरीपट चाळल्यावर कळलं. सहा वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. आठ विहिरी निवडल्या. पहिली मोजणी रविवारी.

---

खडू_फळा | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

जानेवारी आणि मार्चची मोजणी सुरळीत झाली. एप्रिलअखेर मी परीक्षेच्या कामात अडकलो, मुलं पांगली. मला वाटलं झालं, तुटली साखळी. तर बीए दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं, ती त्याच गावची, धाकट्या भावाला घेऊन आठही विहिरी पहाटे मोजल्या. १ मेच्या ग्रामसभेत वहीही तिनंच वाचली. सभेला माणसं बेताचीच होती. दोघांनी शंका काढली की पोरीला टेप धरता येतो का. दुसऱ्या दिवशी ते दोघे स्वतः विहिरीवर हजर, खात्री करायला. तेव्हापासून एकाची विहीर नववी म्हणून वहीत आली.

बंधाऱ्याची गंमत ऐका. द्राक्षबागांनी हस्त ओसरू द्या म्हटलं होतं. प्राचार्यांनी परीक्षेआधीचे दोनच रविवार दिले, त्यामुळे पहिला बंधारा घाईनं सप्टेंबरअखेर घातला. चौथ्या दिवशी हस्तानं तो उचलून खालच्या शिवारात नेऊन ठेवला. दुसरा चित्रा नक्षत्रात घातला, ह्या वेळी पंचवीस मुलं आणि गावातली चाळीसेक माणसं. गेल्या सहाही वेळी गावकऱ्यांचा आकडा चहा देणाऱ्यांपुरता होता. आज सकाळपर्यंत पाणी पोत्यांवरून वाहतंय. नऊपैकी चार विहिरींत पाणी हाताला लागेल इतकं वर आहे. पण यंदा परतीचा पाऊसही बरा झालाय, त्यामुळे श्रेय कुणाचं हे एका वर्षात सांगता येणार नाही. पाणाड्या, बरोबर ना?

अहवालात अडचण झाली. विशेष शिबिराच्या रकान्यात दोन रविवार बसेनात. शिबिर डिसेंबरातच होईल, त्यात ह्या वेळी वहीतल्या आकड्यांचे आलेख काढून चावडीच्या भिंतीवर रंगवायचे ठरलंय.

ते आजोबा परवा ओढ्यावर भेटले. म्हणाले, "अवंदा पाण्याआधी आलात."

---

पाणाड्या | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

बरोबर. तीन वर्षं तरी तोंड उघडू नका, त्यात एक कमी पावसाचं यायला हवं.

टेप कुठला वापरता? कापडी असेल तर बदला, भिजून ताणतो आणि आकडे पुसतात.

---

खडू_फळा | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५५

कापडीच आहे. तीन मीटरच्या पुढचे आकडे गेलेत, त्या मुलीनं नेलपॉलिशनं परत काढलेत.

---

द्राक्षबाग | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

फायबरचा पाठवतो, तीस मीटरचा. माझ्याकडं बाग आखायचा पडून हाय. पत्ता खाजगीत टाका.